नानांची पेटी कोण वाचणार?



गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले. त्यांचे सासरे तरुणपणी बोटीवर खलाशी होते, नंतर बरीच वर्षे कुवेतला राहिले. त्यांचा इंतकाल होऊन दोन वर्षे झाली. त्यांनी जन्मभर जमवलेल्या नाण्यांचा बिस्किटाचा मोठा डबा कपाटावर पडून आहे. मुलगा बारावीला, मुलगी नववीला. दोघांनीही कधी डबा उघडला नव्हता. मग एके दिवशी मुलाने मोबाईलवर पाहिले की वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात. डबा खाली उतरला. तसे नाणे त्यात निघाले. फोन केला तर समोरचा माणूस चार लाख द्यायला तयार! फक्त आधी नोंदणीचे साडेबाराशे भरा. ते भरले. मग कराचे म्हणून आणखी तीन हजार मागितले, तेव्हा या बाईंना शंका आली आणि त्यांनी मला लिहिले. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "हा डबा मोडीत देऊन टाकू का? नाहीतरी आता मुलांना नाणी कुठे ठाऊक आहेत? सगळे फोनवरच देतात-घेतात. ईदीसुद्धा."

पहिल्या गोष्टीचे उत्तर सोपे आहे. आता एक पैसाही पाठवू नका. गेलेले पैसे परत मिळण्याची आशा कमी, पण पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार जरूर नोंदवा. ते नाणे 2012 साली सरकारने मोठ्या संख्येने काढले होते, अजून भाजीवाल्याकडून सुट्ट्यात येते. जे सुट्ट्यात येते त्याला चार लाख कोण देईल? अशा लोकांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सूचना काढली होती की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही. ट्रॅक्टरच्या चित्राच्या पाचच्या नोटेचेही हेच समजा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सोपे वाटले नाही. पत्र चार दिवस उशाशी होते. कारण तसाच एक डबा, खरे म्हणजे सागवानी पेटी, आमच्या घरातही आहे.

माझे नाना जालन्याकडचे. निजामाच्या राज्यात शाळेत मुदर्रिस होते. पगार बेताचा, छंद मात्र नाण्यांचा. नानी म्हणायच्या, माणूस पैसे जमवतो ते खर्चायला, आमचे हे जमवतात ते बघायला. 1989 मध्ये नाना गेले. नानी आधीच गेल्या होत्या. मागे दोन मामू आणि माझी अम्मी. शरीअतप्रमाणे पाच हिस्से झाले, मामूंचे दोन-दोन आणि अम्मीचा एक. चांदी मामूंकडे गेली. अम्मीने आपल्या हिश्श्यात तांब्याची नाणी आणि चांदीतला फक्त एक हाली रुपया मागून घेतला. मामू म्हणाले, "बाजी, चांदी घे ना, तांब्याचे काय करशील?" अम्मी म्हणाली, "चिठ्ठ्या तांब्याच्या आहेत."

त्या वेळी हे मला कळले नव्हते.

मामूंच्या चांदीचे काय झाले ते आधी सांगते. धाकट्या मामूंनी मुलीच्या शादीच्या वेळी सगळे रुपये एका सोनाराला वजनावर दिले. त्याने सगळ्यांना एकच भाव लावला. आता यात दोन गोष्टी होत्या. इंग्रजांचा कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि शंभरात जवळजवळ 92 भाग चांदीचा. 1940 पासून मात्र त्याच रुपयात चांदी निम्म्यावर आली. हाली रुपयात कलदारापेक्षा चांदी थोडी कमीच असे. सोनाराने सगळ्यांना निम्म्या चांदीचा भाव दिला, आणि मामूंना फरक माहीत नसल्याने ते शुक्रिया म्हणून घरी आले. चांदीच्या भावापेक्षा जास्त मोलाचे एखादे नाणे त्यात होते का, हे तर आता कोणालाच कळणार नाही. ते वितळले.

मोठ्या मामूंकडे वेगळी गत झाली. मुमानी स्वच्छतेच्या भारी भोक्त्या. ईदच्या आधी तांब्यापितळेची भांडी घासायला काढली, त्यात नाणीही बसवली. चिंच आणि राख. नाणी अशी चकाकली की शेजारणी बघायला आल्या! पण जुन्या नाण्यावर शे-दोनशे वर्षांत जो काळपट थर चढतो तोच त्याचे कातडे असतो. तो घासला की अक्षरांच्या कडा जातात, आणि जाणकार माणूस ते नाणे हातात घेऊन काही न बोलता परत देतो. मुमानींना मी दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. नाना बायकांना पेटीला हात लावू देत नसत, आणि माझ्या मते नानांची चूक हीच होती. जी गोष्ट घरातल्या निम्म्या माणसांपासून दूर ठेवली, ती त्याच माणसांच्या हाती एक दिवस येणार होती.

अम्मीची पेटी मात्र पस्तीस वर्षे जशीच्या तशी राहिली, कारण कोणी उघडलीच नाही. ती उघडली मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. माझ्या धाकट्या मुलाला, वय वर्षे सोळा, फोनवर असे एक अॅप मिळाले की नाण्याचा फोटो काढला की ते नाव आणि किंमत सांगते. किंमतीच्या आशेनेच त्याने पेटी मागितली, हे मी कबूल करते.

पहिलाच काढला तो हाली रुपया. मराठवाड्यातल्या वाचकांच्या घरात अजून एखादा असेल. मधोमध चारमिनार, भोवती फारसी अक्षरे. फोनने सांगितले, हैदराबाद, एक रुपया, चांदी. किंमतही सांगितली. मुलगा म्हणाला, "झाले. पुढचे." तेवढ्यात अम्मी बाजूच्या पलंगावरून म्हणाली, "दरवाजात काय आहे बघ."

चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर आहे. ऐन. मीर उस्मान अली खान यांच्या उस्मानमधला ऐन. त्यांचे वालिद महबूब अली खान यांच्या रुपयावर त्याच जागी मीम असतो. दरवाजाकडे पाहिले की रुपया बापाचा की बेट्याचा हे कळते. मग अम्मीने हिजरी साल वाचायला लावले, 1337. त्याला 0.97 ने गुणायचे आणि 622 मिळवायचे, की इसवी साल जवळपास मिळते. मुलाने हिशेब केला, 1918-19. मागच्या बाजूला "जर्ब फरखुंदा बुनियाद हैदराबाद", म्हणजे शुभ पायाच्या हैदराबाद शहरात पाडलेले, आणि जुलूसचे साल, म्हणजे गादीवर बसल्याला किती वर्षे झाली ते. आठ.

"आणि हे 92?" मुलाने विचारले. नाण्यावर एक आकडा सुटा उभा होता. ना हिजरी सालात बसत होता, ना जुलूसमध्ये. फोनला काही सांगता आले नाही.

अम्मीने बोटांवर मोजले. मीम चाळीस, हे आठ, मीम चाळीस, दाल चार. अबजदच्या हिशेबाने मुहम्मद या नावाचे 92 होतात. आसफजाहींच्या नाण्यांवर तो आकडा त्या नावासाठी येतो. माझा मुलगा 786 लिहिलेले स्टिकर लहानपणापासून पाहत आला आहे, पण अक्षरांना संख्या असतात आणि कोणीतरी टांकसाळीत बसून त्या मोजल्या होत्या, हे त्याने प्रथमच ऐकले. तो फोन खाली ठेवून आजीजवळ जाऊन बसला.

मग चिठ्ठ्या निघाल्या. प्रत्येक तांब्याच्या नाण्याखाली नानांनी कागदाचा कपटा ठेवला होता, बारीक शिकस्ता उर्दूत. नाणे कुठे, कधी, कोणाकडून मिळाले. मला उर्दू वाचता येते, पण शिकस्ता नाही. मुलगा इंग्रजी शाळेतला. मकतबमध्ये नाजरा कुरआन शिकला, उर्दू राहून गेली. ते अक्षर घरात एकट्या अम्मीला लागते, कारण तिने लहानपणी त्याच अक्षरातून धडे गिरवले होते. तिचे वय 78.

मधोमध भोक असलेला 1943 चा पैसा: "मनमाड स्टेशन, चहाचे सुट्टे, 1944." लढाईच्या दिवसांत तांबे वाचवण्यासाठी इंग्रज सरकारने असे भोकाचे पैसे काढले होते. एक शिवराई: "पैठणच्या भांडीवाल्याकडून, तीन आणे. महागात पडली." हाली रुपयाच्या चिठ्ठीवर, चांदीत चिठ्ठी असलेला तो एकच: "1937. पहिल्या पगारातला. बाकीचे अम्माला दिले." ऑगस्ट 1948 च्या चिठ्ठीनंतरची पुढची चिठ्ठी थेट 1950 ची आहे. मधल्या काळाबद्दल अम्मीने मुलाला काय सांगितले ते मी इथे लिहीत नाही. मराठवाड्यातल्या घरांना सांगायची गरज नाही.

म्हणून रत्नागिरीच्या भगिनींना माझे म्हणणे असे आहे. हा छंद टिकेल का, याचे उत्तर मुलांच्या आवडीत शोधू नका. माझ्या लहानपणी पाच, दहा, वीस, पंचवीस, पन्नास पैसे रोज हातात येत. दहा पैशांचे नाणे फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडेचे, वीसचे षटकोनी. जमवायला वेगळे काही करावे लागत नसे, खाऊचे पैसे राखले की झाले. 30 जून 2011 ला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. त्यानंतर रुपयासुद्धा फोनमध्ये गेला. सुट्ट्यातून नाणी वेचण्याचा छंद संपत आला आहे आणि त्याबद्दल मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. बाजारात विकत घेऊन जमवणारे राहतील, प्रदर्शने भरतील, लिलाव होतील. पण घरातली पेटी टिकायची तर ती कोणाला तरी वाचता आली पाहिजे. आणि या बाबतीत आपली घरे इतरांपेक्षा नशीबवान आहेत, हे आपल्या ध्यानातच येत नाही. दिल्लीच्या सुलतानांपासून मुघलांपर्यंत आणि बहमनींपासून निजामापर्यंत नाण्यांवर अरबी-फारसी अक्षरे आहेत. एवढेच काय, मोठ्या मामूंच्या उरलेल्या चार रुपयांत एक अंकुशी रुपया निघाला, पेशवाईतला. त्यावर अंकुशाची खूण आहे आणि मजकूर फारसीत, दिल्लीच्या मुघल बादशहाच्या नावाने! शिवराईवर मात्र नागरीत "श्री राजा शिव" आणि मागे "छत्रपति". शिवराई माझ्या मुलाने लगेच वाचली. पुण्याचा रुपया वाचायला त्याला आजी लागली. मकतबात अलिफ-बे शिकलेल्या मुलाला आकडे आणि चार-सहा शब्द (जर्ब, सनह, जुलूस, बादशाह गाजी) ओळखायला आठवडाही लागत नाही.

आता तुमच्या डब्याकडे येते. तुम्ही लिहिता की त्यात "रिझर्व्ह बँकेची पण लाल रंगाची, नकली वाटणारी" दहाची एक नोट आहे आणि ती तुम्ही फाडून टाकणार होता. कृपा करून थांबा. क्रमांक इंग्रजी झेड अक्षराने सुरू होतो का ते पाहा. तसे असेल तर ती नकली नसून आखाताची नोट असण्याचा संभव आहे. एके काळी कुवेत, बहारीन, कतार, दुबई इथे आपलाच रुपया चालत असे. तिथून सोन्याची चोरटी आयात होऊन परकीय चलन जाऊ लागले, म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, ज्या भारतात चालत नसत. कुवेतने 1961 मध्ये स्वतःचा दिनार आणला, बाकीच्यांनी पुढच्या काही वर्षांत. त्याच सुमारास हाजींसाठीही खास नोटा होत्या, क्रमांकाआधी एच-ए आणि नोटेवर हज असा शब्द. त्या तर फार दुर्मीळ आहेत. कोकणातल्या किती घरांत आजोबांच्या हजच्या कागदांत त्या दडल्या असतील, अल्लाहलाच ठाऊक. कुवेतच्या नाण्यांवर शिडाचे गलबत आहे ना? तुमच्या सासऱ्यांनी तीच का जास्त राखली असतील, हे खलाशाच्या सुनेला मी सांगायला नको. ओमानच्या नाण्यावर "बैसा" लिहिलेले असेल. तो आपला पैसाच. वाकवलेल्या चांदीच्या तारेसारखे, माशाच्या गळासारखे काही निघाले तर तेही मोडीत घालू नका. विजापूरच्या आदिलशाहीत, अली आदिलशहाच्या नावाने अशा लारी पाडत, आणि कोकणच्या बंदरांत त्यांवर व्यवहार चाले.

ठेवणीचे थोडे. नाणे कडेने धरा. काही झाले तरी घासू नका, लिंबू-चिंच-टूथपेस्ट काही नाही. मऊ प्लास्टिकच्या खिशांच्या स्वस्त वह्या मिळतात, त्यात तांब्याच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर येतो. कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. साध्या कागदाची छोटी पाकिटे बरी, आणि औषधाच्या बाटलीत येते ती ओल शोषणारी पुडी डब्यात टाका. शंभर वर्षांवरची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेणे 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा दुबईच्या जावयाला भेट म्हणून जुना रुपया देऊ नका. शेतात किंवा पाया खणताना हंडा सापडला तर तो आपला नसतो, कलेक्टरांना कळवावे लागते. तो कायदा 1878 पासूनचा आहे.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. चांदी-सोन्याची नाणी छंदाची आहेत म्हणून जकातीतून सुटत नाहीत. घरातल्या बाकीच्या चांदी-सोन्याबरोबर त्यांचे वजन धरावे लागते. चांदीचा निसाब साडेबावन तोळे, सुमारे 612 ग्रॅम. तांब्या-निकेलच्या नाण्यांचा आणि विक्रीसाठी ठेवलेल्या नाण्यांचा मसला वेगळा आहे, तो आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा. नाना दर रमजानमध्ये पेटी तराजूवर ठेवत, एवढे मला आठवते.

तुमच्या मुलीसाठी एक खेळ सुचवते. नव्या नाण्यावर सालाच्या खाली बारीक खूण असते. हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. येत्या ईदला ईदीची निम्मी रक्कम नाण्यांत द्या आणि चारही टांकसाळी शोधायला सांगा. मुलगा मोठा आहे, त्याला नाशिकजवळ अंजनेरीला घेऊन जा. तिथे 1980 पासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, संग्रहालयही आहे. फसवणुकीची त्याला शरम वाटत असेल, तर ती बोलून वाढवू नका. त्याने डबा निदान उघडला तरी.

सासूबाई हयात आहेत असे तुम्ही लिहिले आहे. मी तुमच्या जागी असते तर डबा आजच त्यांच्यापुढे ठेवला असता. कोणते नाणे कोणत्या बंदरातले, कोणत्या खेपेचे, हे त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकले असेल. सगळे नाही आठवणार. जेवढे आठवेल तेवढे वहीत उतरवा, नाण्याच्या फोटोसह, आणि वारसांपैकी प्रत्येकाला त्याची प्रत द्या. पुढे वाटणी झाली तरी नाणी वेगवेगळ्या घरी जातील, वही सगळ्यांकडे राहील. तुमच्या नणंदेलाही द्या. तिचा हिस्सा आहे.

आमच्याकडे असे चालले आहे: रविवारी असरनंतर अम्मी चिठ्ठी वाचते, मुलगा मराठीत लिहून घेतो, मध्येच एखादा शब्द उर्दूत कसा लिहायचा ते विचारतो. पेटीत एकूण 112 नाणी आहेत, चिठ्ठ्या 94. आतापर्यंत 41 झाल्या. एक चिठ्ठी दोघांनाही लागत नाही, "बदला दिया" एवढेच वाचता येते, पुढे शाई पसरली आहे. पुढच्या महिन्यात अम्मीच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. ती म्हणते, ते झाले की ती चिठ्ठी पुन्हा काढा.